स्थळ सुचवा

‘पाहिजे. तळेगाव ढमढेरे, ता. शिरूर येथे एस. वाय. बी. कॉम.ला असलेल्या, निर्व्यसनी, गृहकृत्यदक्ष मुलीस अनुरूप थेरपिस्ट पाहिजे. जात, पोटजात, उंची, पगाराची अट नाही. मंगळ चालेल. मराठी समजावं. स्वतः कमी बोलणारा असावा. पालकांना परस्पर फोन करणाऱ्यांनी कृपया तसदी घेऊ नये. मध्यस्थ नकोत.’

अशी जाहिरात रविवारच्या पुरवणीत दिसायची नाही. लग्नाचं स्थळ बघायचं म्हटलं की शिरूर-दौंडच्या पट्ट्यात मावशीपासून कीर्तनकारापर्यंत सगळे कामाला लागतात. व्हॉट्सॲपवर बायोडेटा फिरतात, उसाच्या बिलाची चौकशी होते, बागायत किती नि जिरायत किती याचा उतारा निघतो. मनाचा डॉक्टर मात्र ज्याचा त्याने शोधायचा. तोही चोरून, रात्री पांघरुणात, मोबाइलचा उजेड कमी करून.

मुलगी म्हटलं खरं, पण शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, आधार कार्डावर आणि कॉलेजच्या हजेरीपटावर ती मुलगा आहे. या सदरात ती मुलगीच राहील. ज्यांची हरकत असेल त्यांनी दाखला वाचत बसावं. आणि तिला शोधायला तळेगावात जाऊ नका. ती न्हावऱ्यात, शिक्रापुरात, दौंडातही आहे. २०११च्या जनगणनेने महाराष्ट्रात ४०,८९१ माणसं पुरुषही नाहीत नि स्त्रीही नाहीत अशा रकान्यात मोजली. त्यात ही नाही. प्रगणक आला तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि उत्तरं तिचे वडील, म्हणजे आण्णा, देत होते.

तळेगावात सल्ल्याचा दुष्काळ कधी पडलेला नाही. वेळ नदी उन्हाळ्यात आटते, चासकमान धरणाच्या आवर्तनासाठी निवेदनं द्यावी लागतात. सल्ला बारमाही. मामा म्हणाला, ‘जिम लावू याला.’ आत्या म्हणाली, ‘लग्न करून टाका, बायको आली की येतंय ताळ्यावर.’ ज्या पोरीच्या गळ्यात हे औषध बांधायचं तिला एकदा विचारावं, हे आत्याला अजून सुचलेलं नाही. चुलत्यांनी पोलीस भरतीची अकॅडमी काढली. रोज पहाटे सोळाशे मीटर पळवलं की डोक्यातलं खूळ घामावाटे निघतं, असा त्यांचा सिद्धांत. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरकारचा कान धरला आणि त्याच पोलीस भरतीत तृतीयपंथी उमेदवारांची सोय करायला लावली, ही बातमी चुलत्यांपर्यंत पोचलेली नाही. पोचली तर अकॅडमीचा हट्ट सोडतील. शेजारच्या काकूंनी गुरुवारी बसणाऱ्या एका बाबांचा पत्ता दिला. त्यांच्याकडे अपॉइंटमेंट लागत नाही, नारळ लागतो.

बाईच्या वेशातल्या पुरुषाचं आम्हाला वावडं आहे, असं कुणी म्हणू नये. बालगंधर्वांचे शालू बघून आमच्या पणज्यांनी नेसणं सुधारलं आणि पुण्यात १९६८ साली त्यांच्या नावाचं रंगमंदिर उभं राहिलं. गणपत पाटलांनी सिनेमेच्या सिनेमे नाच्या रंगवला. थेटरात शिट्ट्या मारणाऱ्यांनीच बाहेर त्यांची टिंगल केली, हा हिशेब वेगळा. सोंग आहे तोवर गाव तिकीट काढतं. ‘हे सोंग नाही’ म्हटलं की भावकीची बैठक बसते.

तर ती मोबाइलवर थेरपिस्ट शोधते. ‘तळेगाव’ टाकलं की नकाशा तिला थेट मावळात, तळेगाव दाभाड्यात नेऊन सोडतो. दोन तळेगावांत सबंध चाकण आडवं आहे, पण नकाशाला ढमढेरे नि दाभाडे यांतला फरक कळत नाही. (कुरिअरवाल्यांनाही कळत नाही, त्यामुळे तिचा राग नाही.) ‘ढमढेरे’ जोडून पुन्हा शोधलं तर जनावरांचा दवाखाना येतो, दोन दातांचे डॉक्टर येतात आणि एक योगवर्ग येतो. देशात लाखामागे पाऊण सायकॅट्रिस्ट असतो, असा एक आकडा २०१९ सालापासून सगळीकडे छापला जातो. तो पाऊणसुद्धा शिक्रापूर चौक ओलांडून अलीकडे आलेला दिसत नाही. चाकणच्या ट्रकांतून वाट काढायला भीत असावा.

मग पुणं. पस्तीस-चाळीस किलोमीटर, पीएमपीची बस, कोरेगाव भीमा, लोणीकंद, वाघोलीची कोंडी, खराडी. पन्नास मिनिटांच्या बोलण्यासाठी जाऊन-येऊन अर्धा दिवस. बसमध्ये निम्मे चेहरे ओळखीचे. ‘कुठं निघाला रं?’ ‘पुस्तकं आणायला.’ तीन वेळा सांगून झालं की चौथ्यांदा कुणीतरी म्हणतं, ‘पोरगं लई वाचतंय.’ आणि हीच बस पुढे येरवड्यावरून जाते. ब्रिटिशांच्या काळापासून तिथे मनोरुग्णालय आहे आणि तेव्हापासून या रस्त्यावरच्या प्रत्येक गावाला मानसिक आरोग्याचं एकच वाक्य येतं: ‘येरवड्याला टाका त्याला.’ वाक्य म्हणणाऱ्याला तिथे तुरुंग अभिप्रेत आहे की दवाखाना, हे त्याचं त्यालाही नक्की सांगता येत नाही. अशा गावातून ‘मी मनाच्या डॉक्टरकडे चालले’ म्हणून बसमध्ये चढायचं म्हणजे तिकिटाबरोबर शिक्का घेऊन उतरायचं.

स्थळं मात्र तिने पाहिली. कांदेपोहे नव्हते, पण बाकी सगळं तसंच. समोरचा माणूस निरखणार, आपण पदर सावरून बसायचं आणि उत्तर नंतर कळवतो म्हणायचं. फक्त इथे बघायला आलेली ही आणि पैसेही हिनेच द्यायचे.

पहिल्या पाटीवर ‘समुपदेशन, करिअर मार्गदर्शन, हस्ताक्षरावरून स्वभाव’ असं एकाखाली एक. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. नुसतं ‘समुपदेशक’ लिहायला रंगाचा डबा पुरतो. बाहेरच्या मुलीने फॉर्म दिला, त्यावर पुरुष की स्त्री अशा दोनच चौकटी. मग तिने हिचं दाखल्यावरचं नाव, वडिलांच्या नावासकट, बाजारात कोथिंबीर विकावी तशा आवाजात पुकारलं. आतले गृहस्थ प्रेमळ होते. ‘बाळ’ म्हणाले, पाणी दिलं. तिने धीर करून सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि वडिलांचा नंबर मागितला. ‘मी फक्त त्यांना कल्पना देतो.’ २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा म्हणतो की रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हा रुग्णाचा हक्क आहे, आणि मुलगी अठरा पूर्ण आहे. गृहस्थांना यातलं काहीच माहीत नव्हतं. आण्णांना कल्पना देणं म्हणजे काय, याची तर त्यांना कल्पनाच नव्हती.

दुसऱ्या स्थळाचे विचार आधुनिक. ‘माझ्याकडे सगळे सारखेच, मला काही फरक पडत नाही,’ अशी सुरुवात. फरक पडत नसताना त्यांनी चाळीस मिनिटं फरकाचेच प्रश्न विचारले. हॉर्मोन्स म्हणजे नक्की काय, ऑपरेशनला किती लागतात, आवाज बदलतो का, हिजडे आणि तुम्ही वेगळे का, ती टाळ्यांची भानगड काय असते. तिने येईल ते समजावून सांगितलं. शेवटी हजार-बाराशे रुपयेही तिनेच मोजले. शिकवणी घेणाऱ्याने विद्यार्थ्याला फी द्यायची, ही पद्धत कॉमर्सला अजून शिकवत नाहीत.

तिसरे खरे डॉक्टर, मोठे सायकॅट्रिस्ट. घाईत होते. ‘पत्र पाहिजे ना?’ त्यांनी वर न बघता विचारलं. हॉर्मोन्स किंवा शस्त्रक्रियेच्या आधी मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र मागतात. माणूस भानावर आहे, विचार करून आला आहे, असं त्यात लिहायचं असतं. म्हणजे हिला शहाणपणाचा दाखला लागतो. (आत्याला लागत नाही.) डॉक्टरांनी विचारलं, ‘लहानपणी भातुकली खेळायचास?’ ती क्रिकेट खेळायची. लेगस्पिन टाकायची, नि बऱ्यापैकी टाकायची. खरं सांगितलं तर पत्र लांबणार हे तिला ठाऊक होतं. कारण ट्रान्स पोरींच्या आपसातल्या ग्रुपवर याचंही ‘अपेक्षित’ निघालंय: भातुकली खेळायचे, आईची साडी नेसायचे, आरशात बघवत नाही. दहावीला जसं पाठ केलं तसं हे पाठ करायचं. डॉक्टरांना वाटतं आपण तपासणी करतो आहोत आणि समोर परीक्षा चालू असते. ज्या खोलीत खरं बोलायला जायचं, तिथेच खोटं बोलल्याशिवाय पास होता येत नाही.

चौथ्यांनी पॅकेज सांगितलं. सहा सिटिंग, ‘सवय’ मोडून मिळेल. मूळ कारण म्हणे आईचे लाड. याबद्दल लांब लिहीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मंजूर केलेल्या आजारांच्या नव्या यादीत ही गोष्ट मनोविकारांच्या प्रकरणातून उचलून बाहेर काढली, आणि आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली अशी ‘दुरुस्ती’ करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. पॅकेज अजून चालू आहे. सणासुदीला सूटही असेल.

पाचव्या बाईंवर मात्र थांबायला हवं, कारण त्या चांगल्या होत्या. वाचलेल्या होत्या. टेबलावर इंद्रधनुष्याचा छोटा झेंडा होता, नाव विचारून घेतलं, चुकल्या नाहीत. ही सांगायला गेली की आठवड्याभरात झोप लागलेली नाही, कॉस्ट अँड वर्क्स अकाउंटिंग राहिलंय, पुन्हा राहिलं तर वर्ष जाईल. बाई मान हलवत म्हणाल्या, ‘आणि हे तुझ्या ओळखीशी कसं जोडलेलं आहे असं तुला वाटतं?’ तिला वाटत नव्हतं. पुढच्या वेळी तिने सांगितलं, भावाने पिकअप घेतलीय, हप्ते थकलेत, घरात भांडणं आहेत. बाई म्हणाल्या, ‘या भांडणात तुझ्यातल्या स्त्रीला काय वाटतं?’ तिच्यातल्या स्त्रीला फायनान्स कंपनीचा माणूस दारात येईल असं वाटत होतं, पुरुषालाही तेच वाटलं असतं. तिसऱ्या वेळी गुडघा दुखत होता. तो बसमध्ये उभं राहून दुखत होता, पण बाईंनी त्यातही शरीराशी असलेलं नातं शोधलं.

मला विचाराल तर गोम इथे आहे. आपल्याकडे दोनच तऱ्हा. एक, हिच्यातलं ट्रान्स असणं दिसतच नाही असं ढोंग करायचं. दोन, त्याखेरीज काही दिसूच द्यायचं नाही. बाकीच्या एस. वाय.वाल्यांना नापास होण्याची, प्रेमभंगाची, नोकरीच्या काळजीची रीतसर मुभा आहे. रांजणगावच्या एमआयडीसीत अप्रेंटिस म्हणून घेतील का, हा प्रश्न वर्गातल्या निम्म्यांची झोप उडवतो. हिची झोप उडाली की त्यावर परिसंवाद भरतो. तिला अशी एक जागा पाहिजे जिथे गेल्या गेल्या ट्रान्स असल्याचं स्पष्टीकरण देऊन चपलांसारखं ते बाहेर ठेवावं लागणार नाही, आणि आत गेल्यावर तेच एक तबकात घालून पुढे करावं लागणार नाही. असा माणूस सापडणं म्हणजे अनुरूप स्थळ. पण तसा रकाना कुठल्याच यादीत नाही.

कायद्यांचं म्हणाल तर ताट भरलेलं आहे. १५ एप्रिल २०१४ला सर्वोच्च न्यायालयाने ‘नालसा’ निकालात सांगितलं की आपण कोण हे ज्याने त्याने ठरवावं. २०१६च्या विधेयकात सरकारने त्यावर जिल्हा पातळीवरची छाननी समिती बसवली, तिच्यात मानसशास्त्रज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञही होता. म्हणजे शिरूर तालुक्याला आधार द्यायला मिळत नव्हता तो मनाचा डॉक्टर छाननी करायला मिळणार होता. ओरड झाली, २०१९च्या कायद्यातून समिती गेली, डॉक्टरही गेला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक आदेश दिला: शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. एलजीबीटीक्यू विद्यार्थ्यांशी कसं वागावं याचं शिक्षण कर्मचाऱ्यांना द्यावं, असंही त्यात आहे.

तालुक्याच्या कॉलेजांत आदेशाचं पालन कसं होतं ते वेगळं सांगायला नको. एनएसएस, ग्रंथालय समिती, रॅगिंगविरोधी समिती आणि वृक्षारोपण ज्या सरांकडे असतं त्यांच्याकडेच ‘समुपदेशन कक्ष’ येतो. पाटी लागते, फोटो निघतो, नॅकच्या फाइलला जातो. कक्ष बहुधा स्टाफरूमला लागून असतो, दाराला काच असते, किल्ली शिपायाकडे असते. आत जाण्यापूर्वी रजिस्टरमध्ये नाव, वर्ग आणि ‘समस्येचे स्वरूप’ लिहायचं. रजिस्टर बाहेर टेबलावर. त्याला पेन दोऱ्याने बांधलेलं असतं, चोरीला जाऊ नये म्हणून.

मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांची गोष्ट या सरांना कुणी ऐकवायला हवी. मदुराईच्या दोन तरुणी, एकमेकींवर प्रेम असलेल्या, घरच्यांच्या जाचाला कंटाळून चेन्नईला पळून आल्या आणि संरक्षण मागायला कोर्टात गेल्या. न्यायमूर्तींनी उघड सांगितलं की या विषयातलं मला पुरेसं कळत नाही. आणि निकाल देण्याआधी ते स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे सेशनला जाऊन बसले. मग ७ जून २०२१चा निकाल आला. त्यात लैंगिकता ‘दुरुस्त’ करणाऱ्या उपचारांना मनाई होती, आणि वैद्यकीय आयोगाला पुढच्या वर्षी जाग आली तीही याच खटल्याच्या धक्क्याने. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काउन्सेलरची गरज वाटली. आमच्याकडे काउन्सेलरलाही वाटत नाही.

अशा प्रश्नांना मराठीत उत्तरं देणारं कुणी नव्हतंच, असं मात्र नाही. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ काढलं आणि लोकांनी लाजत लाजत विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना शांतपणे, शास्त्र सांगून उत्तरं छापली. वाचकाने पत्र टाकायचं, उत्तर अंकात यायचं. बसने जावं लागायचं नाही, शिपायाकडून किल्ली घ्यावी लागायची नाही. या उत्तरांवरूनच १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. दंड भरून ते पुन्हा उत्तरं देत बसले, १९५३ साली मरेपर्यंत. आज त्यांचं नाव घेऊन व्याख्यानमाला होतात. व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरांना मात्र वेळ उरत नाही.

पुण्यात कुणीच नाही असंही नाही, आणि इथे तिरकं बोलायची सोय नाही म्हणून हा भाग सरळ लिहितो. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली ‘समपथिक’ सुरू केली आणि लैंगिकतेवर मराठीत, साध्या भाषेत पुस्तकं लिहिली. तोवर या विषयावरचं मराठी एकतर शिवीत होतं, नाहीतर संस्कृतात. मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हने समुपदेशकांसाठी खास अभ्यासक्रम चालवला. एलजीबीटीक्यू माणसाला ‘सहन’ कसं करायचं ते त्यात शिकवत नाहीत, त्याच्या बाजूने कसं उभं राहायचं ते शिकवतात. टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ २०१२पासून फोनवर समुपदेशन करते. सरकारची ‘टेलिमानस’ १४४१६ या क्रमांकावर, मराठीतही, फुकट, चोवीस तास. म्हणजे दारं आहेत. तळेगावापासून दारापर्यंतचा रस्ता तेवढा नाही.

आणि एक दार तर आपल्या डोळ्यांदेखत बंद झालं. ट्रान्स व्यक्तींसाठीचं ‘मित्र क्लिनिक’ २०२१ साली हैदराबादला निघालं, त्याच वर्षी पुण्यातही. डॉक्टर, औषधं, समुपदेशन एका छपराखाली, आणि कर्मचाऱ्यांत ट्रान्स माणसं. पैसा अमेरिकी सरकारच्या मदतीचा. जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये ट्रम्पसाहेबांनी परदेशी मदत थांबवण्याच्या हुकमावर सही केली आणि पुण्यातल्या क्लिनिकचं काम थांबलं. हैदराबादचं पुढे टाटा ट्रस्टच्या पैशाने, नव्या नावाने पुन्हा सुरू झालं. तळेगावच्या पोरीची अपॉइंटमेंट रद्द करायची ताकद अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाकडे आहे, हे जागतिकीकरणावरच्या निबंधात कुणी लिहीत नाही. वीस मार्कांचा प्रश्न आहे.

ऑनलाइन करा की, असं आता कुणीतरी म्हणेलच. जरूर. दोन खोल्यांच्या घरात आई, आण्णा, आजी, भाऊ आणि टीव्ही. कानात इअरफोन घालून ‘मला जगणं अवघड झालंय’ हे कुजबुजत सांगायचं, आणि मध्येच आजीने विचारायचं, ‘कुणाचं काय अवघड झालं?’ बाहेर जावं तर रेंज उसाच्या कडेला चांगली येते. पण शिरूर तालुक्यात दिवेलागणीनंतर उसाच्या कडेला कोण थांबतं, ते वनखात्याला विचारा. बिबट्यांनी इथल्या लोकांना अंगणातसुद्धा एकट्याने उभं राहायची सोय ठेवलेली नाही. घरात आजी, उसात बिबट्या, यांच्या मधोमध तिने फोनवर मन मोकळं करायचं. थेरपिस्ट म्हणतो, ‘स्वतःसाठी एक सुरक्षित जागा डोळ्यांसमोर आणा.’ ती चारी बाजूंना टॉर्च मारते.

आणि फी. पुण्यात सेशनला हजार ते दोन हजार. कांद्याला भाव असला तर एखादी गोणी, पडला तर ट्रॅक्टर. आठवड्याला एक ट्रॅक्टर कांदा मनावर घालवणारं घर तालुक्यात अजून जन्माला यायचंय.

तिने मग पद्धत बदलली. आधी फोन करायचा, दहा मिनिटांत प्रश्न विचारायचे आणि उत्तरं आवडली तरच बस पकडायची. बघण्याचा कार्यक्रम आता तिच्या हातात. काहींना ते उद्धटपणाचं वाटलं. एका मॅडमनी विचारलं, ‘पेशंट तू आहेस की मी?’ एकांनी ‘नंतर करतो’ म्हणून फोन ठेवला तो ठेवलाच. मग एकदा पलीकडून एक बाई बोलल्या.

‘काय नावाने हाक मारू?’ तिने सांगितलं. पुढच्या वाक्यात ते नाव बरोबर आलं.

‘घरी सांगाल का?’

‘नाही. तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तरच. आणि तेही आधी तुला सांगून.’

‘ट्रान्स लोकांबरोबर काम केलंय?’

‘थोडं. जे येत नाही ते मी बाहेर शिकून येईन. तुझ्या वेळात तुझ्याकडून नाही.’

‘फी?’

‘विद्यार्थ्यांना निम्मी. तीही जड गेली तर बोलू.’ मग बाईंनी विचारलं, ‘सध्या सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय?’

‘कॉस्ट अकाउंटिंगचा.’

‘कधीपासून?’ बाई म्हणाल्या, आणि ती बोलायला लागली.

शनिवार दुपार ठरली. घरी सांगायला कारण हवं होतं, तिने कॉस्टिंगचा क्लास लावल्याचं सांगितलं. निम्मं खरंच होतं. आण्णांनी कुरकुर न करता बसभाड्याचे पैसे दिले, आईने डबा दिला. ऑपरेशन, हॉर्मोन्स, नाव यांतलं अजून काहीही घरात निघालेलं नाही. आत्याची स्थळंही चालूच आहेत. पण महिन्या-दीड महिन्याने आण्णा पारावर सांगत होते, ‘पोरगं सुधारलं. जेवतंय, झोपतंय, चिडत नाय. त्या क्लासवाल्या बाई लई भारी शिकवतात.’ आता गल्लीतल्या आणखी दोघा बापांना आपापली पोरं त्याच क्लासला घालायची आहेत. पत्ता मागायला ते रोज संध्याकाळी दारात येतात, आणि तिघांचं मिळून फीत काही कमी-जास्त होईल का तेवढं बाईंना विचारून ठेव, म्हणतात.